न दिसणाऱ्या संगणकाची देखभाल



२००५ साली नेदरलँड्समधील एका बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास छोटे संगणक बसवण्यात आले. प्रत्येकात तापमान आणि आर्द्रता मोजण्याची सोय, एक बिनतारी रेडिओ आणि बॅटरी. हेतू शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा होता. बटाट्यावर उशिरा येणारा करपा दमट हवेत भराभर पसरतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये माणसे उपाशी मेली ती याच रोगामुळे. पानांच्या गर्दीतली हवा कधी आणि किती दमट होते हे शेतातूनच कळत राहिले, तर गरज असेल तेव्हाच फवारणी करता येईल. औषध वाचेल, पैसा वाचेल.

डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठातील कोएन लांगेंडून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग होता. माणसे कसलेली, यंत्रे तपासलेली. तरी झाले असे, की यंत्रे शेतात जाण्याच्या थोडे आधी रेडिओ चालवणाऱ्या प्रोग्रामची अर्धवट आवृत्ती चुकून सगळ्यांवर चढली. ती दुरुस्त करायला नवा प्रोग्राम हवेतूनच पाठवण्याची सोय होती. पण ती सोय एकदा सुरू झाली ती थांबेचना. यंत्रे एकमेकांना प्रोग्राम वाटतच बसली आणि चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या. बॅटऱ्या बदलल्या, तर पुढची अडचण हजर. प्रत्येक यंत्राने आपल्या शेजाऱ्यांची यादी ठेवायची होती, आणि यादीची जागा प्रत्यक्ष शेतातल्या शेजाऱ्यांना पुरत नव्हती. शिवाय झाडोरा वाढला तसा रेडिओचा आवाका कमी झाला. हंगाम संपला तेव्हा अपेक्षित नोंदींपैकी सुमारे दोन टक्के हाती आल्या होत्या.

संशोधकांनी ही सगळी फजिती एका निबंधात जशीच्या तशी लिहून काढली आणि त्याला शीर्षक दिले, मर्फीला बटाटे आवडतात. जे बिघडू शकते ते बिघडतेच, असे सांगणारा तोच मर्फी. यशाचे निबंध ढिगाने मिळतात. अपयशाचा हिशेब इतक्या मोकळेपणाने मांडणारे थोडे. आजच्या विषयात शिरण्यासाठी या निबंधाइतके चांगले दार नाही.

विषय आहे तो सर्वत्र पसरलेल्या संगणकांचा. टेबलावरचा किंवा हातातला नव्हे, तर भिंतीत, मीटरमध्ये, गाडीच्या काचेवर, मनगटावर, द्राक्षाच्या वेलीखाली असलेला संगणक. ही कल्पना नावानिशी मांडली मार्क वायझर यांनी, १९८८ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात. सप्टेंबर १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा लेख आला आणि या शाखेचा जणू जाहीरनामाच ठरला. वायझर यांचे म्हणणे असे, की संगणक लक्ष मागत राहतो हीच त्याची उणीव आहे. तो इतका अंगवळणी पडावा, की वापरताना त्याची आठवणही होऊ नये. एका खोलीत शंभराहून अधिक बोटभर ‘टॅब’, दहा-वीस कागदाएवढे ‘पॅड’ आणि एक-दोन फळ्याएवढे ‘बोर्ड’ असतील, असे त्यांनी लिहिले. आणि पार्कमध्ये हे तीनही आकार प्रत्यक्ष बनवूनही पाहिले. कागदी घोडे नाचवणाऱ्यांपैकी हा माणूस नव्हता. तो एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत असे, आणि त्या बँडने जून १९९३ मध्ये इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण केले. असा कार्यक्रम करणारा तो पहिला बँड मानला जातो. १९९९ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, वायझर कर्करोगाने गेले. आयफोन यायला तेव्हा आठ वर्षे बाकी होती.

वायझर यांच्या भाकितातला यंत्रांचा भाग बहुतांशी खरा ठरला. या सभागृहात माणसे किती आणि संगणक किती, हे मोजायला बसलो तर संगणकच जास्त भरतील: घड्याळे, फोन, कानातली यंत्रे, माइकची व्यवस्था, बाहेरचे सीसीटीव्ही कॅमेरे, पार्किंगमधल्या गाड्या. राहिला तो दुसरा भाग. संगणक नजरेआड झाला, पण त्याला लागणारी देखभाल नजरेआड झाली नाही. ती कुणाच्या तरी अंगावर पडली, आणि बहुतेक वेळा अशा माणसाच्या, ज्याला ती आपल्यावर पडल्याचे कुणी सांगितलेलेच नव्हते. आजच्या व्याख्यानाचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण तिथे हिशेब कागदावर मांडता येतो. घड्याळात किंवा गाडीच्या रिमोटमध्ये बसते ती बटणासारखी चपटी बॅटरी, सीआर २०३२, साधारण २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेची असते. छोट्या यंत्राचा रेडिओ सुरू असताना वीस मिलिअँपिअर प्रवाह ओढतो असे धरले, तर ही बॅटरी अकरा तासांत संपेल. तेच यंत्र झोपेत पाच मायक्रोअँपिअरवर राहिले, तर कागदोपत्री पाच वर्षे टिकेल. म्हणजे अकरा तास आणि पाच वर्षे यांच्यामधले सगळे अंतर, यंत्र किती वेळ झोपते यावर ठरते. म्हणून या क्षेत्रातल्या इंजिनिअरचे अर्धे आयुष्य यंत्राला झोपवण्यात जाते. झोपलेले यंत्र ऐकत नाही. म्हणजे दोन यंत्रांना बोलायचे असेल तर दोघांनी एकाच क्षणी जागे व्हायला हवे. त्यासाठी दोघांची घड्याळे जुळायला हवीत, आणि घड्याळे जुळवायलाही रेडिओ लागतो. बटाट्याच्या शेतात अर्धवट राहिलेला प्रोग्राम नेमका या जातीचा होता.

बॅटऱ्या बदलता येतात, हे खरे. पण समजा एका मोठ्या इमारतीत हजार सेन्सर आहेत आणि प्रत्येकाची बॅटरी दोन वर्षे टिकते. वर्षाला पाचशे बॅटऱ्या बदलाव्या लागतील, म्हणजे कामाच्या दर दिवशी दोन. शिडी घेऊन फिरणारा एक माणूस कायमचा नेमावा लागेल. ‘स्मार्ट’ इमारतीच्या रंगीत माहितीपत्रकात हा शिडीवाला कधी दिसत नाही.

चिप दर दोन वर्षांनी दुप्पट दाट होत गेली. बॅटरीचे तसे झाले नाही. ती रसायनशास्त्राच्या गतीने चालते, आणि रसायनशास्त्राला घाई नसते.

ऊन-पावसाचे काय? २००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर, बर्कलीच्या संशोधकांनी लीचेस स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्याच्या बिळांमध्ये बत्तीस छोटी यंत्रे ठेवली. माणसाची चाहूल लागली तर हे पक्षी घरटे सोडतात, तेव्हा माणसाऐवजी यंत्राने पाहावे हा विचार रास्त होता. पक्ष्यांबद्दल माहिती मिळालीच, पण यंत्रांबद्दल जास्त मिळाली. आर्द्रतेच्या सेन्सरचे आकडे विचित्र येऊ लागले की समजावे, आत पाणी गेले आहे आणि हे यंत्र आता लवकरच बंद पडणार. मोजणाऱ्याचीच प्रकृती आकड्यांतून वाचायची, हे कौशल्य तिथे जन्माला आले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २००० नंतरच्या दशकात आयआयटी मुंबईच्या गटाने ‘अॅग्रिसेन्स’ नावाचा प्रकल्प नाशिकच्या द्राक्षमळ्यांत नेला होता. हवेचे तापमान, आर्द्रता, मातीचा ओलावा आणि पानांवरचा ओलेपणा बिनतारी यंत्रांनी मोजायचा. द्राक्षबागायतदाराला यातले महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, पाने तासन् तास ओली राहिली की डावणी ही बुरशी येते, आणि ती आली की पीक हातचे जाते. आज नाशिक-सांगलीकडे अनेक बागांत हवामानयंत्रे उभी दिसतात आणि फवारणीचा सल्ला मोबाइलवर येतो. मात्र पान किती ओले आहे हे सांगणारा सेन्सर हे खऱ्या पानाचे सोंग आहे. त्याच्यावरही औषधाचा फवारा बसतो, धूळ बसते. तो कुणीतरी पुसावा लागतो. बागेत माणसे असतात, मालक रोज चक्कर मारतो, म्हणून हे काम कसेबसे निभावते. निर्जन बेटावर ते निभावले नसते.

आता शेतातून घरात येऊ. २००१ मध्ये कीथ एडवर्ड्स आणि रेबेका ग्रिंटर या दोन संशोधकांनी घरातल्या संगणकांपुढची सात आव्हाने मांडणारा निबंध लिहिला. त्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. एका जोडप्याने बिनतारी स्पीकर घेतले, आणि ते जोडले गेले शेजाऱ्याच्या यंत्राला. तार असती तर कोण कुणाला जोडलेले आहे हे डोळ्यांना दिसले असते. तार गेली आणि घराची भिंत रेडिओच्या दृष्टीने भिंत राहिली नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ब्लूटूथ सुरू केल्यावर वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचे नाव पाहणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल.

त्या सातांपैकी अधिक खोल आव्हान असे, की घराला सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर नसतो. कार्यालयात असतो, त्याला पगार असतो, तो पासवर्ड बदलतो, अपडेट टाकतो, बंद पडलेले बदलतो. घरात हे काम कुणाचे? व्यवहारात ते नात्यातल्या एखाद्या कॉलेजकुमारावर येते. तो हॉस्टेलला गेला की घर पोरके. राउटरचा पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, आणि ज्याला ठाऊक असतो तो परीक्षेत असतो.

या बेवारशी अवस्थेची किंमत जगाने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मोजली. डाइन नावाच्या कंपनीवर, म्हणजे वेबसाइटचे नाव वाचून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, प्रचंड हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत अनेकांना मिळेनाशा झाल्या. हल्ला करणारी फौज कसली होती? घराघरांतले कॅमेरे, त्यांची चित्रे साठवणारे डीव्हीआर, राउटर. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले ठरावीक साठेक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि लाखो यंत्रे ताब्यात घेतली. तो बनवणारे कुणी परकीय हेर नव्हते. अमेरिकेतली तीन तरुण पोरे होती, आणि मूळ भांडण माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांवरून होते. यंत्र बंद करून सुरू केले की मिराई पुसला जाई, पण काही मिनिटांत पुन्हा शिरे, कारण पासवर्ड तोच. आणि मालकाला पत्ताच नाही. त्याचा कॅमेरा दुकानाचे चित्र व्यवस्थित दाखवत होता. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते.

गाडीचे उदाहरण याच्या उलट आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी दूर बसून एका जीप गाडीची चाकांना शक्ती पोचवणारी यंत्रणा हमरस्त्यावर बंद पाडून दाखवली. कंपनीला चौदा लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठवाव्या लागल्या. इथे निदान कंपनीला मालक माहीत होते. कॅमेऱ्याच्या बाबतीत तेही नाही.

देखभाल करणारा असला तरी तो उद्या राहील याची हमी काय? ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे तीनशे डॉलरचे यंत्र घरातले दिवे, कुलुपे वगैरे एकत्र चालवत असे. २०१४ मध्ये नेस्ट या कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. यंत्र मोडले नव्हते, जळले नव्हते. दूरच्या एका खोलीतले दुसरे यंत्र बंद झाले, एवढेच. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचा सर्व्हर असाच अचानक गप्प झाला. तिथे मात्र काही जुन्या ग्राहकांनीच पुढे येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. असे ग्राहक विरळा. घर पन्नास वर्षे टिकावे म्हणून बांधतात, वायरिंग वीस-पंचवीस वर्षे चालते, आणि त्यात बसवलेल्या ‘स्मार्ट’ बटणाचे आयुष्य मात्र दुसऱ्या कुणाच्या ताळेबंदावर ठरते. या विसंगतीवर तांत्रिक उपाय काही अंशी आहे: यंत्र आपल्याच घरात, बाहेरच्या सर्व्हरशिवाय चालले पाहिजे. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकात अॅपल, गूगल, अॅमेझॉन असे प्रतिस्पर्धी एकत्र आले, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलावे म्हणून. वायझर यांच्या लेखानंतर एकतीस वर्षांनी! कंपन्यांना आपापली कुंपणे प्रिय असतात. इंजिनिअरांना दोष देऊन उपयोग नाही.

आतापर्यंत यंत्राच्या प्रकृतीबद्दल झाले. त्याच्या अकलेबद्दलही बोलले पाहिजे. सर्वत्र असलेल्या संगणकाने विचारल्याशिवाय ओळखावे, अशी अपेक्षा असते. पण सेन्सर मोजतो एक आणि आपल्याला हवे असते दुसरे. फोनला धक्का कळतो. अपघात कळत नाही. २०२२ मध्ये आयफोन १४ मध्ये अपघात ओळखून आपोआप मदत बोलावण्याची सोय आली. थोड्याच दिवसांत ओहायोतल्या किंग्ज आयलंड या करमणूक उद्यानातून आपत्कालीन कक्षाला फोन येऊ लागले. रोलरकोस्टरमध्ये बसलेली माणसे आनंदाने ओरडत होती आणि त्यांच्या खिशातले फोन पोलिसांना बोलावत होते. त्याच हिवाळ्यात कोलोरॅडोत बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांच्या फोनांनी तेच केले. त्या सोयीने खऱ्या अपघातांतून माणसे वाचवलीही आहेत, त्यामुळे ती काढून टाका असे कुणी म्हणणार नाही. पण प्रत्येक खोट्या हाकेला उत्तर द्यायला कक्षात बसलेला कर्मचारी लागला. यंत्राची शंका माणसाने निस्तरली. शिडीवाला इथे पुन्हा भेटतो, फक्त आता त्याच्या कानाला हेडफोन आहे.

मोजमापातच कल असेल तर गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. कोविडच्या दिवसांत ऑक्सिमीटर घरोघरी आले. बोटाला चिमटा लावून आकडा वाचणे लहान मुलांनाही जमू लागले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवले, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेतले रंगद्रव्य त्यात ढवळाढवळ करते. यंत्र जुळवताना सगळ्या रंगांची बोटे पुरेशी घेतली गेली नव्हती.

आपल्याकडे याचे भावंड रेशन दुकानात भेटते. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवायचा, आधारशी जुळला की धान्य. ज्याने आयुष्यभर ऊसतोड केली, विटा वाहिल्या, भांडी घासली, त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘अंगठा लागत नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही दोन वाक्ये गावोगावच्या रांगांना पाठ आहेत. बुबुळ किंवा ओटीपी असे पर्याय आहेत, पण ज्या आजीचा मोबाइल मुलाबरोबर चाकणला गेला आहे, तिला ओटीपी कुठून मिळणार? प्रस्तुत वक्त्याचे मत असे, की अशा यंत्रणेची परीक्षा ती शंभरांतल्या पंचाण्णव जणांना कशी ओळखते यावर घेऊच नये. उरलेल्या पाचांसाठी काउंटरवरच्या माणसाला किती अधिकार दिला आहे, यावर घ्यावी.

खासगीपणाचा प्रश्न वायझर यांना सुरुवातीपासून दिसत होता; त्याच काळात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी ‘अॅक्टिव्ह बॅज’ बनवला होता. छातीवर लावायचा बिल्ला, जो दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांचा एक इशारा सोडे. खोलीतला रिसीव्हर तो टिपे आणि कोण कुठे आहे हे कळे. आलेला फोन त्या खोलीत वळवता येई. बिल्ला अंधारात, म्हणजे ड्रॉवरमध्ये ठेवला, तर इशाऱ्यांचा वेग आपोआप मंदावे. ही युक्ती बॅटरी वाचवण्यासाठी होती, पण वापरणाऱ्याच्या हातात एक साधे स्वातंत्र्यही राहत होते. नको असेल तेव्हा काढून ठेवा, ड्रॉवरमध्ये टाका.

आजच्या यंत्रांना ड्रॉवर नाही. शहरातल्या गृहसंकुलांच्या गेटवर अॅप असते. कामाला येणाऱ्या मावशी किती वाजता आत गेल्या आणि किती वाजता बाहेर पडल्या, याची नोंद त्यात होते आणि ती घरमालकाच्या फोनवर वाजते. सोय निर्विवाद आहे. पण ती यंत्रणा निवडली सोसायटीच्या सभेने, पैसे दिले सभासदांनी, आणि मोजल्या जातात मावशी, ज्या सभेत नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. कायद्याचा सारा भर संमतीवर आहे. वेबसाइटवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबता येते. गेटमधून जाताना कोणते बटण दाबायचे?

विजेच्या मीटरचीही तीच कथा. दर पंधरा-तीस मिनिटांनी वापर नोंदवणारा मीटर घराची दिनचर्या सांगू शकतो: घर कधी रिकामे, पाणी कधी तापते, रात्री कोण जागे. एमआयटीमध्ये विजेच्या प्रवाहावरून घरातली उपकरणे ओळखण्याची पद्धत शोधणाऱ्या जॉर्ज हार्ट यांनीच १९८९ मध्ये लेख लिहून या धोक्याची सूचना दिली होती. महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध आंदोलने झाली आणि सामान्य घरगुती ग्राहकांना असे प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. लोकांची भीती मुख्यतः बिलाची होती, पैसे संपले की रात्री दिवे जातील याची होती. दिनचर्येच्या नोंदीबद्दल फारसे कुणी बोलले नाही. ते बोलणे राहून गेले, हे या चळवळीबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते.

इतके अडथळे असताना काही यंत्रणा उत्तम चालतात, त्या का?

जेनेव्हीव्ह बेल आणि पॉल डूरिश यांनी २००७ मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला: हा सर्वत्र पसरलेला संगणक भविष्यात येणार आहे असे प्रयोगशाळा म्हणत राहतात, पण सिंगापूर आणि दक्षिण कोरियात तो केव्हाच आलेला आहे, फक्त तो चित्रातल्यासारखा नीटनेटका नाही. सिंगापूरने १९९८ पासून गर्दीच्या रस्त्यांवर कमानी उभारून गाडीतल्या यंत्रातून आपोआप शुल्क घ्यायला सुरुवात केली होती. आपला फास्टॅग त्याच कुळातला. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून तो टोलनाक्यांच्या सर्व रांगांत सक्तीचा झाला. या चिकटपट्टीत बॅटरीच नाही. नाक्यावरच्या वाचकयंत्राच्या रेडिओलहरींतूनच तिला आपला क्रमांक सांगण्यापुरती ऊर्जा मिळते. ती काही ओळखत नाही, ठरवत नाही. फक्त क्रमांक सांगते. सारी अक्कल, सारा हिशेब आणि सारी दुरुस्ती नाक्यावर आणि बँकेत आहे, जिथे पगारी माणसे बसलेली आहेत. बिघाड होतात ते माणसांच्या बाजूने. काही चालक टॅग काचेला न लावता हातात धरून दाखवू लागले, तेव्हा जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण आणावे लागले.

दुसरे उदाहरण भाजीवाल्याच्या गाडीवर आहे. १९९५ मध्ये वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी शांत तंत्रज्ञानाबद्दल लिहिले: माहिती लक्षाच्या मध्यभागी न येता कडेला राहावी, आणि गरज पडली तरच मध्यभागी यावी. त्यांचे उदाहरण होते पार्कमध्ये कलाकार नॅटली जेरेमायजेन्को यांनी छताला टांगलेली आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी. ती एका छोट्या मोटरला जोडलेली होती आणि मोटर नेटवर्कच्या तारेला. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी थरथरे, भिरभिरे. २०१९ पासून आपल्या बाजारांत आलेला यूपीआयचा साउंडबॉक्स त्या दोरीपेक्षा सरस आहे, असे प्रस्तुत वक्ता निःसंकोच म्हणेल. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, समोर चार गिऱ्हाइके, आणि खोके सांगते की चाळीस रुपये आले. भाजीवाला मान वर करत नाही. रक्कम चुकली तरच करतो. फोनवर खोटा स्क्रीनशॉट दाखवून फसवणाऱ्यांवर हा उपाय होता, पण त्यातून जे साधले ते कडेच्या कानाने ऐकण्याचे तंत्र. खोक्याला चार्जिंग लागते, सिम लागते, आणि अनेकदा महिन्याचे भाडेही. भाडे आहे म्हणूनच बंद पडले तर बदलून द्यायला कंपनीचा माणूस येतो. देखभालीची किंमत इथे लपवलेली नाही; ती दर महिन्याला खात्यातून वजा होते.

या दोन्ही यंत्रणांनी थोडे मागितले आणि ते पक्के केले. त्यांच्यामागे नावानिशी जबाबदार असलेली संस्था आहे. कॅमेऱ्याच्या, बल्बच्या, कुलपाच्या बाजाराला हेच लागू करायचे तर कायद्याची मदत लागणार, आणि ती काही ठिकाणी सुरू झाली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कारखान्यातून एकच सोपा पासवर्ड लावून यंत्र विकता येत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील हे विक्रीपूर्वी सांगावे लागते. युरोपीय संघाचा नवा सायबर कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. त्यात साधारणपणे किमान पाच वर्षे अपडेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

भारतात फ्रीज घ्यायला गेलो तर दारावर तारांकित पट्टी असते आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा त्यावर छापलेला असतो. ती पट्टी सक्तीची झाली, आणि आता दुकानदार विक्रीसाठी तीच दाखवतात. वायफायने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर दोन ओळी वाढवायला कागद फारसा लागणार नाही: अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर यातले काय काय चालू राहील. सभागृहात मानक ब्युरोशी किंवा ग्राहक पंचायतीशी संबंधित कुणी असेल, तर प्रश्नोत्तरांची सुरुवात याच दोन ओळींच्या मसुद्यापासून करता येईल.